पेटीतले प्रमाणपत्र

आपल्या कुठल्याही वस्तीत जा, ताडीवाला रोड असो, येरवडा असो की दापोडी-बोपोडी. घरात शिरताच समोर बाबासाहेबांची तसबीर दिसते. शेजारी पोरांची शाळेतली बक्षिसे मांडलेली असतात. सुनेचे नर्सिंगचे प्रमाणपत्र मात्र कुठे दिसत नाही. ते पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या शालूच्या घडीखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत असते. सोयरीक जमवताना “मुलगी नर्स आहे” हे चार ठिकाणी अभिमानाने सांगितलेले असते. लग्न झाले की “आताच काय घाई आहे?” म्हणत एक वर्ष जाते. मग पहिले बाळंतपण, मग दुसरे, मग सासऱ्यांचे आजारपण. धाकटे पोर शाळेत जायला लागते, घरभाडे वाढते, घरधन्याचा ओव्हरटाइम बंद होतो, आणि मग कुठे पेटी उघडते. तोवर आठ-दहा वर्षे गेलेली असतात आणि त्या पोरीने पगारी नर्स म्हणून एक दिवसही काम केलेले नसते.

“भाऊ, आता मला कोण ठेवून घेणार?” रविवारी विहारात फॉर्म भरून द्यायला बसलो की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतेच. विचारणारी खाली मान घालून विचारते, जणू तिने काही गुन्हाच केला आहे. म्हणून आजचा लेख तिच्यासाठी, आणि तिच्याहून जास्त तिच्या घरच्यांसाठी.

उत्तर आधी सांगतो. नोकरी मिळते. पण त्यासाठी तीन गोष्टी नीट कराव्या लागतात: कागद, हात आणि घर. कागद आणि हात नेट लावला तर काही महिन्यांत नीट होतात. घराला वेळ लागतो, आणि बहुतेक जणींचा प्रयत्न बुडतो तो तिथेच.

वयाचे कारण पुण्यात सांगू नये

शुश्रूषेचे काम कोवळ्या पोरींचेच, असे कुणी म्हणाले तर त्याला पुण्याचा इतिहास सांगावा. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा सावित्रीमाईंचे वय सहासष्ट वर्षांचे होते. चिरंजीव डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर दवाखाना उघडला आणि माई त्यात रोग्यांची सेवा करू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातले एक आजारी पोर त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले. या संस्थेने ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला ज्या बायका पाठवल्या, त्यांत विधवा होत्या, संसाराचे चटके खाल्लेल्या प्रौढ बायका होत्या. त्या काळी चांगल्या घरच्या बाईने परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा म्हणजे काय, असा गिल्ला झाला. तरी त्या शिकल्या आणि कमावत्या झाल्या. म्हणजे या शहरात मराठी बाईच्या नर्सिंगची सुरुवातच मुळी उशिरा शिकायला निघालेल्या बायकांनी केली आहे. तिशी-पस्तिशीच्या आपल्या सुनेने मान खाली घालायचे कारण नाही.

आधी कागद

पहिला प्रश्न, कोर्स कोणता केला? ए.एन.एम., जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. नर्सिंग, आणि तोही मान्यताप्राप्त संस्थेतून, असे असेल तरच महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते. गल्लोगल्ली सहा महिन्यांचे, वर्षाचे “नर्सिंग डिप्लोमा” विकणारे क्लास निघाले आणि आपल्या कितीतरी गरीब घरांचे पैसे त्यांत बुडाले. असा कागद हातात असेल तर परिषदेत नोंदणी होत नाही आणि नर्स म्हणून नोकरी मागता येत नाही. हे कटू आहे, पण स्पष्ट सांगितलेले बरे. वय आणि शिक्षण बसत असेल तर अशा भगिनीने ए.एन.एम.ला रीतसर प्रवेश घ्यावा. दोन वर्षे जातील, पण पुढचे आयुष्य हाताशी राहील.

कोर्स खरा असेल तर नोंदणीची तारीख पाहा. परिषदेची नोंदणी एकदा केली आणि जन्मभर पुरली, असे नसते. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. घरी बसलेल्या बहुतेकींचे ते राहून जाते. घाबरू नका. थकलेली नोंदणी उशिराचे शुल्क भरून पुन्हा सुरू करता येते. नूतनीकरणासाठी सेवांतर्गत शिक्षणाचे, म्हणजे मान्य कार्यशाळा-व्याख्यानांना हजर राहिल्याचे, गुणही मागतात. किती कमी पडतात ते परिषदेकडून समजून घ्या आणि ते काम सर्वांत आधी हाती घ्या. चालू नोंदणी नसेल तर मेट्रनबाई अर्ज पुढे वाचतही नाहीत.

दुसरी अडचण नावाची. दहावीचे प्रमाणपत्र, नर्सिंगची गुणपत्रिका आणि नोंदणी माहेरच्या नावावर, आधार कार्ड आणि बँकेचे खाते सासरच्या नावावर. विहारात मंगल परिणय झाला, भन्तेजींनी आशीर्वाद दिला, पण लग्नाची सरकारी नोंद कुणी केलीच नाही. मग ही बाई आणि ती बाई एकच, हे सिद्ध करायला काय आहे? महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात विवाह नोंदणी करून घ्या. लग्नाला कितीही वर्षे झाली असली तरी करता येते. नाव कायमचे बदलायचे असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करा.

तिसरी बाब जातीच्या दाखल्याची. लग्नानंतरही बाईचा दाखला वडिलांच्या कागदांवरून निघतो, सासरच्या नाही. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा राहण्याचा व जातीचा पुरावा लागतो. तेव्हा गावाकडे आजोबांच्या शाळेचा उतारा, कोतवालबुकातली नोंद शोधायला भावाला आजच सांगा. राखीव जागेसाठी दाखल्याबरोबर पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्रही मागतात. राज्यात आपल्याला बौद्ध म्हणून सवलती आधीपासून होत्या. केंद्रात त्या १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. केंद्राच्या नोकरीसाठी दाखला केंद्राच्या नमुन्यात वेगळा काढावा लागतो, हे लक्षात असू द्या. नॉन-क्रिमिलेअर अनुसूचित जातीला लागत नाही. कुणी एजंट त्याचे पैसे मागत असेल तर त्याला वाटेला लावा.

आणखी एक नियम पुष्कळांना ठाऊक नसतो. २८ मार्च २००६ नंतर झालेल्या मुलामुळे हयात मुलांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली असेल, तर राज्य सरकारच्या नोकरीसाठी लहान कुटुंबाच्या अटीत अर्ज बसत नाही. खासगी रुग्णालयाला ही अट नाही.

हे सगळे कागद एका फाइलमध्ये लावा. प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स काढा आणि मूळ कागद कुणालाही ठेवायला देऊ नका. फी थकली म्हणून कॉलेजने गुणपत्रिका अडकवून ठेवल्याची प्रकरणे मी पाहिली आहेत. शिष्यवृत्ती सरकारकडून यायची राहिली आणि त्याची शिक्षा मात्र पोरीला झाली, असेही झाले आहे. असे असेल तर तोंडी वाद घालू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, एक प्रत समाजकल्याण खात्याकडे पाठवा. पोच घेतलेला कागद कधी वाया जात नाही, हे मी माझ्या इतक्या वर्षांच्या कारकुनीवरून सांगतो.

मग हात

मेट्रनबाईंना खरी भीती वर्षांची नसते. ही बाई रुग्णाला सुई लावताना चाचरेल का, याची असते. ती भीती बोलून जात नाही, हात चालवून जाते.

दहा वर्षांत वॉर्ड बदलला आहे. सलाईनला पंप आले, नोंदी संगणकावर गेल्या, कचऱ्याचे नियम २०१६ साली नवे आले. पण शरीर तेच आहे. नाडी, रक्तदाब, ताप, लघवीचे माप, जखमेचे ड्रेसिंग यांत काही बदल नाही. जुनी पुस्तके काढा. रोज सकाळी पोरे शाळेत गेली की दोन तास बसा. मुलाखतीत काय विचारतात, त्याचे नमुने देतो.

५०० मि.लि. सलाईन चार तासांत द्यायचे आहे. सेट वीस थेंबांना एक मि.लि. देणारा. मिनिटाला किती थेंब? ५०० ला २० ने गुणा, झाले दहा हजार. चार तासांची मिनिटे २४०. भागाकार ४१.६७, म्हणजे बेचाळीस थेंब. हा हिशेब चहा उकळेपर्यंत तोंडी यायला हवा.

कचरा कुठे टाकाल? रक्ताने माखलेला कापूस, ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत. सलाईनच्या नळ्या, सुई काढलेली सिरिंज, हातमोजे लाल पिशवीत. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या निळ्यात. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचे नाही.

सुई टोचली तर? जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, लगेच इनचार्जला सांगून नोंद करायची. एच.आय.व्ही. प्रतिबंधाची गोळी होईल तितक्या लवकर सुरू करायची, ७२ तासांच्या आतच.

हृदय बंद पडलेल्या प्रौढ माणसाला? छातीवर तीस दाब, मग दोन श्वास. दाबाचा वेग मिनिटाला १०० ते १२०, खोली निदान पाच सें.मी. याचे बी.एल.एस. नावाचे छोटे प्रशिक्षण असते. त्याचे कार्ड जवळ असेल तर अर्जाला वजन येते, कारण ते जुने नसते, ताजे असते.

हेपॅटायटिस बी ची लस आजच सुरू करा. पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. नोकरी लागल्यावर घेऊ म्हणाल तर तोवर उघड्या अंगाने काम कराल.

आणि जिथे शिकलात त्या नर्सिंग स्कूलच्या सिस्टर ट्यूटरना जाऊन भेटा. लाजू नका. विद्यार्थिनी परत आली याचा शिक्षकाला आनंदच होतो. शिफारशीची एक चिठ्ठी, सराव करायला दाखवलेली एखादी जागा, एवढे तिथून सहज मिळू शकते.

अर्जात गॅप कसा लिहायचा

सरळ लिहायचा. “२०१४ ते २०२४ या काळात दोन मुलांचे संगोपन केले. अर्धांगवायू झालेल्या सासऱ्यांची घरी शुश्रूषा केली. आता नोंदणी चालू आहे, बी.एल.एस. पूर्ण आहे, तिन्ही पाळ्यांत काम करण्याची तयारी आहे.” एवढ्या चार ओळी पुरतात. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला पाठीला जखम न होऊ देता तीन वर्षे सांभाळणे ही शुश्रूषाच आहे. तिला नोकरीचा अनुभव म्हणता येणार नाही, पण सांगायला हरकत कसली?

खोटे अनुभवपत्र मात्र कुणीही आणू नये. पैसे घेऊन शिक्का मारून देणारे भेटतात. पुण्यातल्या मेट्रन एकमेकींना ओळखतात, एका फोनवर खरे-खोटे कळते. मग नोकरी जाते, नाव जाते, आणि मागून येणाऱ्या आपल्या पोरींच्या कागदांकडेही संशयाने पाहिले जाते.

दार कोणते ठोठवायचे

मोठ्या रुग्णालयाच्या दारातून दोनदा परत आल्यावर पुष्कळ जणी घरी बसतात. पण पहिली नोकरी मोठ्याच दारात मिळायला हवी असे कुठे आहे? हडपसर, पिंपरी, येरवडा भागांत वीस-तीस खाटांची रुग्णालये आहेत. तिथे कामाला माणूस लागतो आणि एकाच नर्सला सगळे करावे लागते, त्यामुळे हात लवकर बसतो. ज्यांना सुरुवातीला रात्रपाळी अगदीच शक्य नाही त्यांनी डायलिसिस केंद्र, डोळ्यांचे रुग्णालय, बाह्यरुग्ण विभाग, शाळा, चाकण-रांजणगावच्या कारखान्यांतला दवाखाना इथे चौकशी करावी. ए.एन.एम. झालेल्यांनी महापालिकेची प्रसूतिगृहे आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जागा यांवर लक्ष ठेवावे. कंत्राटी म्हणजे कायम नव्हे, हे आधीच समजून जावे. करोनात २०२० साली थेट मुलाखती घेऊन माणसे भरली गेली आणि गरज सरल्यावर कंत्राटे संपली. तरी त्या महिन्यांचे अनुभवपत्र ज्यांनी मागून घेतले, त्यांच्या हातात काही राहिले. ज्यांनी मागितले नाही, त्यांच्या हातात काहीच नाही.

घरी जाऊन रुग्ण सांभाळायला माणसे पुरवणारे ब्युरो आहेत. पैशाची फारच ओढ असेल तर तात्पुरते करा. पण तो अनुभव रुग्णालये सहसा मोजत नाहीत. जी.एन.एम. झालेली बाई पाच वर्षे ब्युरोत राहिली तर तिचा गॅप पाच वर्षांनी वाढतो.

सरकारी अधिपरिचारिकेच्या भरतीत एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. तिथे लेखी परीक्षा असते. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमापन आणि नर्सिंगचा विषय. त्या उत्तरपत्रिकेत गॅपचे गुण कापत नाहीत. राज्य सरकारी नोकरीची सर्वसाधारण वयोमर्यादा २०१६ पासून खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. जाहिरातीत वय कोणत्या तारखेला मोजले आहे ते बघा. पस्तिशीतल्या बाईपुढे अजून काही वर्षे आहेत, पण ती झरझर जातात.

“लोकांची घाण काढायची का?”

आता त्या प्रश्नाकडे येतो, जो घरात बोलला जातो आणि बाहेर बोलला जात नाही. आमच्या पिढीतले वडीलधारे म्हणतात, “बापजाद्यांनी गावाची घाण काढली, मेलेली ढोरे ओढली. बाबासाहेबांनी त्यातून सोडवले. आता शिकलेल्या सुनेने पुन्हा बेडपॅन उचलायचे का?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यामागे फार जुनी जखम आहे. पण दोन्हींतला फरक नीट पाहा. वतनाचे काम जन्माने गळ्यात पडत होते. ते नाकारता येत नव्हते, त्याला ठरलेले मोल नव्हते, मिळाले तर शिळे तुकडे मिळत. त्या कामाने माणूस बाटतो असे मानले जाई आणि करणाऱ्याला वेशीबाहेर ठेवले जाई. ते वतन मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने गेले. नर्सचे काम कुणी जन्माने करत नाही. तीन-चार वर्षे शरीरशास्त्र आणि औषधशास्त्र शिकून, परीक्षा देऊन, सरकारी नोंदवहीत नाव चढवून ते करता येते. त्याला पगार आहे, बढती आहे, नकार देण्याचा अधिकार आहे. रुग्ण कोणत्याही जातीचा असो, त्याचा जीव त्या बाराएक तासांत तिच्या हातात असतो. हे काम हलके म्हणायचे तर जड काम कोणते?

हेही सांगतो, की कामाच्या जागी आडनाव ऐकून कुणी नर्सकडून मावशीचे काम जास्त करून घेत असेल, रजेच्या यादीत तिलाच मागे ठेवत असेल, तर ते सोसायचे नाही. तारीख-वार लिहून ठेवायचे आणि लेखी तक्रार करायची. काम हलके नाही, पण काम वाटण्यात जात आणली तर तो अन्याय आहे.

तिसरी गोष्ट, घर

दापोडीच्या एका आयुष्मतीने २०१२ साली जी.एन.एम. केले. अकरा वर्षांनी ती विहारात फाइल घेऊन आली. नोंदणी थकलेली, दोन मुली, नवरा टेम्पो चालवणारा. कागद चार महिन्यांत झाले. दोन ठिकाणी “आम्हाला ताजी मुलगी हवी” असे ऐकून ती परत आली. तिसऱ्या ठिकाणी, पंचवीस खाटांच्या रुग्णालयात, तिला ठेवून घेतले. आम्हाला वाटले, झाले काम. पण खरी परीक्षा पुढेच होती. तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळी लागली.

रात्री आठ ते सकाळी आठ. नवरा म्हणाला, “रात्रीचे नको, मालकाला सांग.” सासूबाई म्हणाल्या, “बाईमाणूस रात्रभर बाहेर, शेजारी काय म्हणतील?” सकाळी साडेनऊला घरी आलेल्या सुनेसमोर भांड्यांचा ढीग होता आणि नळाचे पाणी जायची वेळ झाली होती. पाणी भरून, स्वयंपाक करून ती दुपारी एकला आडवी झाली, चारला मुली शाळेतून आल्या, आठला परत ड्युटी. चौथ्या रात्री तिने औषधाच्या नोंदीत चूक केली. इनचार्ज सिस्टरने वेळेत पाहिली म्हणून निभावले. पाचव्या दिवशी ती नोकरी सोडायला निघाली.

ती काम विसरली नव्हती. तिला झोप नव्हती. अकरा वर्षांच्या गॅपने जे बिघडवले नव्हते, ते घराने पाच दिवसांत बिघडवले असते.

आम्ही चार जण त्यांच्या घरी जाऊन बसलो. भाषण दिले नाही, कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मी बी.कॉम. माणूस, मला हिशेबच येतो. रात्रपाळीच्या दिवसांत पाणी कोण भरणार, मुलींची वेणी-डबा कोण करणार, सकाळी दहा ते चार दार लावून कोण झोपू देणार, बसथांब्यावर कोण सोडणार, असे एकेका कामापुढे नाव लिहिले. पाण्यापुढे नवऱ्याचे नाव. डब्यापुढे सासूबाईंचे. वेणी नवऱ्यालाच शिकावी लागली. पहिले दोन आठवडे मुली वाकड्या वेण्या घालून शाळेत गेल्या. शेजारी काय म्हणायचे ते म्हणाले आणि मग विसरले. तो कागद त्यांनी गोडेतेलाच्या डब्यामागे भिंतीला चिकटवला. ती भगिनी आज नोकरीवर आहे.

मुलीचे आई-वडील लग्न ठरवताना मुलाची नोकरी विचारतात, घर भाड्याचे की स्वतःचे ते विचारतात. नर्स मुलीच्या आई-वडिलांनी आणखी एक प्रश्न विचारावा: “हिची रात्रपाळी तुमच्या घरात चालेल का?” उत्तर लग्नाआधी मिळालेले बरे.

बाळंतपणाचा भार एकट्या बाईने सोसायचा नसतो, ही गोष्ट बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलताना मांडली. त्यांत मालकाचा आणि सरकारचा वाटा असला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे १९६१ चा कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांच्या वेळी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा झाली, आणि पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत. म्हणजे नोकरीत असलेल्या बाईला बाळंतपणामुळे नोकरी सोडावी लागू नये, अशी व्यवस्था कायद्यात आहे. आपल्या सुनांचे दुर्दैव असे, की नोकरी लागण्याआधीच त्या घरी बसतात आणि कायद्याचा हात त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून सांगणे आहे की कोर्स संपला की आधी नोकरी, मग लग्न, निदान लग्नानंतर वर्षाच्या आत नोकरी.

पगाराचा हिशेब

पहिल्या वर्षी पगार कमी असतो. समजा, हातात पंधरा हजार आले. पाळणाघराला तीन हजार, येण्याजाण्याला दीड हजार गेले. उरले साडेदहा हजार. “एवढ्यासाठी कशाला?” असे घरात कुणीतरी म्हणतेच. त्याला सांगा, पहिल्या वर्षाची कमाई नुसती साडेदहा हजार नसते. वर्षाअखेरचे अनुभवपत्र तिच्यात धरायचे असते. दुसऱ्या नोकरीचा पगार त्या कागदावर ठरतो.

पण कमी पगार आणि फुकट राबवणे यांत फरक आहे. “तीन महिने बिनपगारी काम करून दाखवा” म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा. “मूळ प्रमाणपत्रे आमच्याकडे राहतील” म्हणणाऱ्यालाही. नियुक्तिपत्र लेखी घ्या, भविष्यनिर्वाह निधी आणि ई.एस.आय. कापत असतील तर त्याचे क्रमांक मागून घ्या. पगार बँकेतून घ्या.

खासगी नर्सच्या पगाराबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारला समिती नेमायला सांगितले होते. त्या समितीने शिफारस केली, की दोनशेहून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात नर्सला राज्य सरकारी नर्सइतका पगार असावा. शंभराहून जास्त खाटा असतील तर त्याहून दहा टक्क्यांपेक्षा कमी नसावा, पन्नास ते शंभर खाटांना पंचवीस टक्क्यांपेक्षा कमी नसावा, आणि पन्नासहून कमी खाटांना निदान वीस हजार असावा. ही शिफारस आहे. ती राबवणे राज्यांवर सोडले गेले आणि सगळीकडे पाळली जात नाही. तरी आकडा पाठ असू द्या. आपल्या कामाची किंमत एका समितीने काय ठरवली होती हे ज्याला माहीत असते, तो पगाराचे बोलताना खाली मान घालत नाही.

शेवटी प्रत्येक विहार समितीला विनंती आहे. आपल्या वस्तीत नर्सिंग झालेल्या आणि घरी बसलेल्या किती भगिनी आहेत, याची एक वही करा. नाव, कोर्स, उत्तीर्ण झाल्याचे साल, नोंदणीची मुदत, एवढे चार रकाने पुरेत. नोकरीवर असलेल्या सिस्टरांनी महिन्यातला एक रविवार दोन तास द्यावा आणि या भगिनींकडून थेंबांचा हिशेब, छातीवरचे दाब, मुलाखतीची उत्तरे करून घ्यावीत. भरतीची जाहिरात आली की फळ्यावर शेवटची तारीख मोठ्या अक्षरात लिहावी. याला वर्गणी लागत नाही, मांडव लागत नाही. एक सतरंजी, एक फळा आणि वेळेवर येणारी चार माणसे लागतात. येत्या रविवारपासून सुरुवात करता येईल.